नेवाडा काउंटीत राहायला आलात? वणव्याची तयारी अशी करा

नेवाडा काउंटी कॅलिफोर्नियात आहे, नेवाडा राज्यात नाही. भारतातल्या नातेवाइकांना हे एकदा नीट समजावून सांगा, म्हणजे ते भलत्याच ठिकाणच्या बातम्या बघून काळजी करणार नाहीत. सॅक्रामेंटोहून ईशान्येला साधारण तासाभरावर, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी हा भाग येतो. ग्रास व्हॅली आणि नेवाडा सिटी ही इथली दोन मुख्य गावं, सोन्याच्या शोधात आलेल्यांनी वसवलेली. घरून काम करायची सोय झाल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातली काही मराठी कुटुंबंही इकडे आली. तिकडच्या टाउनहाउसच्या किमतीत इकडे दोन-तीन एकर जमीन, स्वतःची विहीर आणि अंगणात हरणं मिळतात. त्यांच्याबरोबर वणवाही येतो. घर खरेदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्याचा उल्लेख असतो, पण सह्या करताना तो गठ्ठा कोण वाचतं?

हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे. जे फुकटात आणि आजच्या आज होईल ते आधी सांगते, पैसे लागणारं नंतर.

आधी ऋतूंचं गणित

आपल्याकडे वणवा म्हणजे फाल्गुन-चैत्र. सह्याद्रीच्या उतारावर वाळलेलं गवत पेटतं, रात्री डोंगरावर आगीची माळ दिसते आणि मृगाचा पाऊस आला की विषय मिटतो. इथे जूनमध्ये विषय सुरू होतो. पाऊस जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. मेअखेर गवत सोनेरी होतं आणि पुढे चार-पाच महिने आभाळाकडे बघण्यात अर्थ नसतो. ऑगस्टपेक्षाही मला भीती वाटते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची. झाडं महिनोन् महिने तहानलेली असतात आणि ईशान्येकडून डोंगर उतरून कोरडा वारा येतो. जवळच्या ब्यूट काउंटीतलं पॅराडाइस हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ ला जळालं. सकाळी साडेसहाच्या सुमारास आग लागली आणि दुपारपर्यंत बरंचसं गाव गेलं होतं. ८५ माणसं दगावली, अठरा हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या. आपल्याकडे त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता.

आपल्या काउंटीचा इतिहासही काही कमी नाही. सप्टेंबर १९८८ मधल्या ‘फॉर्टी-नायनर’ आगीत सुमारे ३३,७०० एकर आणि तीनशेहून जास्त इमारती गेल्या. ती आग एका माणसाने उघड्यावर टॉयलेट पेपर जाळल्यामुळे लागली होती. ऑगस्ट २०२० मध्ये नेवाडा सिटीजवळ वीज पडून ‘जोन्स फायर’ लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये बेअर नदीकाठच्या कॅम्पग्राउंडपासून ‘रिव्हर फायर’ सुरू झाली. ती जेमतेम २,६०० एकरांची, म्हणजे इथल्या मानाने किरकोळ, तरी १४२ इमारती घेऊन गेली. आग किती एकरांची यावर तुमच्या घराचं भवितव्य ठरत नाही, हे त्यावरून समजून घ्या.

सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा गवतातून सरपटत जातो. हिरव्या फांदीने झोडपून माणसं तो विझवतातही. इथली आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते आणि वाऱ्यावर निखारे उधळते. साल, शंकू, पालापाचोळा यांचे जळते तुकडे आगीच्या पुढे मैलभर, कधी त्याहूनही लांब जाऊन पडतात. पॅराडाइसच्या आगीनंतरचे फोटो पाहा. घराची राख झालेली आहे आणि दहा-पंधरा फुटांवरचं पाइनचं झाड हिरवंगार उभं आहे. ज्वाळांची भिंत चालून आली असती तर ते झाड आधी गेलं असतं. घराला पेटवलं ते डेकवर, पन्हळीत, छपराखालच्या जाळीतून आत पडलेल्या निखाऱ्यांनी आणि मग एका घराने शेजारच्या घराला. त्यामुळे पुढची सगळी कामं घराच्या भिंतीपासून सुरू करून बाहेरच्या दिशेने करायची आहेत. नवा माणूस नेमकं उलटं करतो. कुंपणापाशी झाडं तोडत बसतो आणि दारापाशी सरपण रचून ठेवतो.

सामान उघडण्याआधी करायची कामं

पहिलं काम म्हणजे काउंटीच्या आपत्कालीन सूचनांसाठी नाव नोंदवणं. लँडलाइनचे नंबर यंत्रणेकडे आपोआप असू शकतात, मोबाइलचे नसतात. तुमचा नंबर अजून सॅन होजे किंवा फ्रीमाँटचा असेल तरी हरकत नाही, पण तो इथल्या पत्त्याला जोडायला हवा. घरातल्या प्रत्येकाचा फोन वेगळा नोंदवा, आजी-आजोबांचासुद्धा. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपायची सवय असेल तर त्या सूचनांचा नंबर अपवादात टाका.

दुसरं काम म्हणजे आपल्या इव्हॅक्युएशन झोनचा नंबर पाठ करणं. सगळी काउंटी छोट्या छोट्या झोनमध्ये विभागलेली आहे. ‘जेनासिस प्रोटेक्ट’ या नकाशावर पत्ता टाकला की तुमचा झोन कळतो. घर सोडायचे आदेश झोनच्या नंबरने निघतात, गल्लीच्या नावाने नाही. मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. शाळा, पाळणाघर आणि ऑफिस यांचे झोनही त्याच कागदावर लिहा.

फोनवर ‘वॉच ड्यूटी’ हे ॲप घ्या. ते ना-नफा तत्त्वावर चालतं, माणसं अग्निशमन दलाचे रेडिओ ऐकून त्यावर माहिती टाकतात, आणि धूर दिसल्यावर ‘कुठे आहे हो?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथे सगळ्यात आधी मिळतं. मात्र घर सोडायचा आदेश देणारं कार्यालय शेरिफचं आहे, ॲप नाही. मोबाइलचे टॉवर बंद पडले तर रेडिओ हवा. बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ आणा आणि केएनसीओ ८३० एएम व केव्हीएमआर ८९.५ एफएम ही दोन स्थानिक केंद्रं त्यावर लावून बघा. हा खर्च वीस-पंचवीस डॉलरचा, आणि बहुतेकांचा राहून जातो तो हाच.

शेजाऱ्यांकडेही जा. इथे घरं लांब लांब असतात आणि कुणी आपणहून येत नाही. डब्यात चार लाडू घालून गेलात तर कुणाची विहीर कुठे आहे, कुणाकडे पाण्याची टाकी आहे, कुठल्या फाटकाचं कुलूप आतून उघडतं, कोण एकटं राहतं, हे सगळं एका फेरीत कळतं. खाजगी रस्ता सामाईक असेल तर त्याच्या कडेचं गवत कोण कापतं हे विचारा. बऱ्याचदा उत्तर ‘कुणीच नाही’ असं येतं.

भिंतीपासून पाच फूट

कोकणात आंबा-काजूच्या बागेभोवती उन्हाळ्याआधी गवत कापून जाळपट्टा काढतात, तसाच हा घराभोवतीचा पट्टा. कॅलिफोर्नियात त्याला ‘झोन झीरो’ म्हणतात. भिंतीपासून, आणि डेक असेल तर डेकच्या कडेपासून, पाच फुटांत जळणारं काहीही ठेवायचं नाही. तिथे खडी, फरशी, काँक्रीट किंवा नुसती माती चालेल. झाडाच्या सालीचा भुगा, ज्याला इथे ‘मल्च’ म्हणतात आणि जो घर विकताना हमखास नवा पसरतात, तो आधी उचला. दिसायला सुंदर असतो, पण निखारा पडला की तासन् तास धुमसतो.

मग घराभोवती एक फेरी मारा आणि स्वतःला निखाऱ्याच्या जागी समजा. कुठे अडकाल? डेक जिथे भिंतीला मिळतो तो कोपरा बघा. पाइनच्या तपकिरी सुया तिथे वाऱ्याने ढकलल्यासारख्या गोळा झालेल्या असतात. फळ्यांच्या फटींत तर त्या इतक्या घट्ट बसतात की झाडूने निघत नाहीत. रंग खरवडायची पट्टी घेऊन गुडघ्यावर बसून उकराव्या लागतात. एक फट साफ केली की ओंजळभर सुया निघतात आणि त्यांत राळ असते, बोटाला चिकटते. छपराच्या दोन उतारांमधली घळ आणि पन्हळी यांचीही तीच गत. एकदा साफ करून भागत नाही. पाइन वर्षभर सुया गाळतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर जास्तच. छपरावर चढायची सवय नसेल तर पैसे देऊन करून घ्या. उगाच शिडीवरून पडू नका.

डेकखाली बघा. आधीच्या मालकाची लाकडं, जुनं सोफ्याचं फोम, पुठ्ठ्याचे खोके हमखास सापडतात. सगळं बाहेर काढा. खिडकीखाली जुनिपर किंवा इटालियन सायप्रस लावलेलं असेल तर काढून टाका. वरून हिरवं दिसतं, पण आत फांदी उचलून बघितली की वाळलेल्या काड्यांचं घरटं असतं. लाकडी कुंपण थेट भिंतीला टेकलं असेल तर शेवटचा पाच फुटांचा तुकडा काढून तिथे लोखंडी फाटक बसवा. नाहीतर ते कुंपण वातीचं काम करतं.

मराठी घराची यादी थोडी लांब आहे. दारापुढचं काथ्याचं पायपुसणं जाऊन रबराचं नको, तर धातूच्या जाळीचं यावं. दसऱ्याचं तोरण वाळेपर्यंत चौकटीला लटकत राहतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरवा. तुळस कुंडीत असेल तर अंगणात थोडी पुढे सरकवा. तिला ऊनही बरं मिळेल. डेकवरच्या झोपाळ्याच्या गाद्या उन्हाळाभर आत ठेवायची सवय लावा. चपलांचं लाकडी कपाट दाराबाहेर नको.

शंभर फुटांपर्यंत

इथे कायदा येतो. राज्याच्या अग्निशमन खात्याच्या, म्हणजे ‘कॅल फायर’च्या जबाबदारीत येणाऱ्या भागात घराभोवती शंभर फुटांपर्यंत (किंवा हद्दीपर्यंत) आगीला खाद्य कमी ठेवणं बंधनकारक आहे. तपासणीला निरीक्षक येतात. धोका ‘उच्च’ किंवा ‘अतिउच्च’ असलेल्या क्षेत्रात घर विकताना या तपासणीचा कागद लागतो.

शंभर फूट म्हणजे सगळी झाडं तोडायची असं नाही. पहिल्या तीस फुटांत वाळलेलं गवत, पानं, मेलेली झुडपं काढायची. फांद्या चिमणीपासून दहा फूट लांब ठेवायच्या, आणि सरपण तीस फुटांपलीकडे न्यायचं. पुढच्या टप्प्यात गवत चार इंचांपेक्षा उंच ठेवायचं नाही. झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून सहा फुटांपर्यंत छाटायच्या आणि झाडाखाली झुडूप ठेवायचं नाही. जमिनीवरची आग झुडपावरून फांदीवर आणि फांदीवरून शेंड्यावर चढते. मधली पायरी काढली की ती खालीच राहते. गॅसच्या टाकीभोवती दहा फूट मोकळे हवेत.

स्कॉच ब्रूम ओळखायला शिका. वसंतात पिवळ्याधमक फुलांनी रस्त्याच्या कडा भरून जातात आणि नवा माणूस फोटो काढतो. हे बाहेरून आलेलं, तेलकट, झपाट्याने पेटणारं झुडूप आहे. इथल्या पावसाळ्यात, म्हणजे हिवाळ्यात, जमीन मऊ असताना मुळासकट उपटायचं. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. उपटताना अंगाला खाज आणणाऱ्या, तीन-तीन पानांच्या पॉइझन ओकपासून सांभाळा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

गवत सकाळी दहाच्या आत कापा. कटरचं पातं दगडावर आपटून ठिणगी उडते आणि दरवर्षी कुठेतरी आगीपासून वाचण्यासाठी गवत कापणाऱ्यानेच आग लावलेली असते. शेळ्या भाड्याने आणणं हाही इथला रुळलेला मार्ग आहे. विजेचं तात्पुरतं कुंपण घालून कळप सोडतात आणि तो झुडपं फस्त करतो. २०१८ च्या डिसेंबरात नेवाडा सिटीने शहराभोवतालच्या जागेत शेळ्या चारण्यासाठी चक्क ऑनलाइन वर्गणी काढली होती.

कापलेला पाला जाळायचा झाला तर राब भाजायच्या सवयीने काडी लावू नका. परवाना लागतो. त्या दिवशी जाळायला परवानगी आहे का, हे हवा-नियंत्रण कार्यालयाच्या फोनवर ऐकावं लागतं. ढीग चार फूट बाय चार फुटांपेक्षा मोठा चालत नाही. हाताशी पाण्याची नळी आणि फावडं असावं लागतं, आणि मोठ्या माणसाने विझेपर्यंत तिथून हलायचं नसतं. उन्हाळ्यात तर बंदीच असते. त्यापेक्षा ‘फायर सेफ कौन्सिल’कडे फांद्यांचा भुगा करून देणारी सेवा आहे, ती आधी विचारा. तो भुगा मात्र भिंतीशी पसरू नका, नाहीतर आपण पुन्हा मल्चपाशी आलो.

घराला लागणारा खर्च

पैसे मर्यादित असतील तर पहिले डॉलर व्हेंटच्या जाळीवर घाला. छपराच्या वळचणीला आणि जोत्याला हवा खेळण्यासाठी झरोके असतात. जुन्या घरांत त्यांना पाव इंच भोकांची जाळी असते आणि त्यातून निखारा सहज आत शिरतो. माळ्यावर किंवा फरशीखाली घर आतून पेटतं आणि बाहेरून कुणाला कळत नाही. एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक भोकांची धातूची जाळी मागून बसवता येते. प्लास्टिकची नको, ती वितळते. फूटपट्टी घेऊन सगळे झरोके मोजा. बाकी छप्पर लाकडी फळ्यांचं असेल तर ते बदलणं आलंच. २००८ नंतर बांधलेलं घर असेल तर छप्पर, झरोके, खिडक्या यांसाठी कडक नियम बहुधा पाळलेले असतात, पण जाळी तरीही तपासा. आणि रस्त्यावर घराचा नंबर रात्री चकाकेल असा, चार इंच उंच आकड्यांत लावा. धुरात बंबवाल्याला तुमचं फाटक शोधायचं असतं.

इन्शुरन्स

घर घेण्यापूर्वी हे वाचत असाल तर ऑफर देण्याआधी विम्याचं कोटेशन घ्या. घराच्या हप्त्यापेक्षा इथे विम्याचा आकडा जास्त धक्का देतो. अनेक कंपन्या या भागात नवीन पॉलिसी देत नाहीत आणि असलेली पुढे चालू ठेवत नाहीत. मग उरतो तो १९६८ पासून चालत आलेला ‘फेअर प्लॅन’. कुणीच घेत नाही त्याला तो घेतो, पण त्यात मुख्यतः आग, वीज, धूर एवढंच येतं. चोरी, पाण्याची गळती, कुणी पायरीवरून पडलं तर येणारी जबाबदारी, यांसाठी वेगळी जोड-पॉलिसी घ्यावी लागते. ती घ्यायची राहून गेली की बँकेचं पत्र येतं.

पॉलिसी हातात आली की घर पुन्हा बांधायचा खर्च किती धरलाय ते बघा. बाजारभाव बघू नका, बांधकामाचा दर बघा. तात्पुरतं भाड्याने राहण्याचा आणि राडारोडा उचलण्याचा खर्च आहे का तेही विचारा. मग फोन हातात घेऊन खोलीतून खोलीत फिरत व्हिडिओ काढा. कपाटं, खण, ट्रॉलीज उघडून दाखवा. पैठण्या एकेक उलगडून दाखवायचा कंटाळा येईल, तरी दाखवा. विमा कंपनीला ‘साडी’ ही वस्तू पन्नास डॉलरची की हजार डॉलरची हे आपोआप कळत नाही. व्हिडिओ क्लाउडवर ठेवा. घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवलात तर काय उपयोग?

वीज जाते, मुद्दाम घालवतात

पॅराडाइसची आग पीजी अँड ई या वीज कंपनीच्या तारांमुळे लागली आणि २०२० मध्ये कंपनीने ८४ जणांच्या मृत्यूबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. अलीकडे जोराचा कोरडा वारा येणार असं दिसलं की कंपनी आपणहून वीज तोडते. अशा मुद्दाम तोडलेल्या विजेसाठीचा ‘पीएसपीएस’ हा शब्द तुम्हाला पहिल्याच शरदात ऐकू येईल. एक-दोन दिवस, कधी जास्तही.

विहीर असेल तर वीज गेली की पंप गेला, म्हणजे नळ आणि फ्लश दोन्ही गेले. इशारा आला की बादल्या, पिंपं, टब भरून घ्या. आपल्याला हे शिकवायला लागू नये. रात्री लागणारं श्वासाचं यंत्र अशी गरज असेल तर वीज कंपनीच्या ‘मेडिकल बेसलाइन’ योजनेत नाव घाला. जनरेटर घराबाहेर, मोकळ्या जमिनीवर ठेवा, वाळल्या गवतावर नाही, आणि घराच्या वायरिंगला जोडायचा तर इलेक्ट्रिशियनकडून स्विच बसवून घ्या. गॅरेजचं दार विजेशिवाय हाताने उघडून बघा. लाल दोरी ओढायची असते, आणि जुनं जड दार एकट्या आईला उचलत नाही हे आगीच्या दिवशी कळून उपयोग नाही. गाडी विजेवरची असेल तर वाऱ्याचा अंदाज दिसताच चार्ज करून ठेवा.

ही तयारी हिवाळ्यातही कामी येते. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस इथे इतका जड बर्फ पडला की झाडं तारांवर कोसळली आणि अनेक घरं आठवड्याहून जास्त काळ अंधारात राहिली.

बॅग, कागद, आई-बाबा

प्रत्येकाची एक पाठीवरची पिशवी दाराजवळच्या कपाटात तयार ठेवा. तीन दिवसांची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो, चष्मा, चार्जर, पाणी, टॉर्च, रोख पैसे, एन-९५ मास्क, सुती कपड्यांचा एक जोड. खाण्यात भडंग किंवा चिवडा ठेवलात तर दोन महिन्यांनी संपवून नवा भरायची आठवण आपोआप राहते.

कागदांची फाइल वेगळी: पासपोर्ट, ओसीआय, ग्रीन कार्ड किंवा व्हिसाची मंजुरीपत्रं, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, जन्मदाखले, विमा, घराचे कागद. सगळ्यांच्या स्कॅन प्रती क्लाउडवर. पासपोर्ट जळाला तर सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत नवा काढावा लागेल, पण निदान जुन्या पासपोर्टचा नंबर तरी हाताशी असेल. दागिने घरात ठेवू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. घरची तिजोरी आग किती वेळ सोसते हे तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि पेटलेलं घर त्याहून जास्त वेळ जळतं.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दिवसभर घरी एकटे असतात, गाडी चालवत नाहीत, आणि इंग्रजीत घाईने बोललेला फोन त्यांना कळेलच असं नाही. त्यांच्यासाठी एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा: घराचा पत्ता, झोन नंबर, तुमचे फोन, दोन शेजाऱ्यांची नावं आणि फोन. ९११ ला फोन लावून पत्ता इंग्रजीत सांगण्याची तालीम करून घ्या (फोन न लावता, अर्थातच). शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवा, ‘आम्ही नसलो तर यांना तुमच्या गाडीतून न्याल का?’ कुणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारलेलं असलं तर तो आपणहून दार ठोठावतो. आणि बाबांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: घर वाचवायला नळी घेऊन मागे थांबायचं नाही. ‘तुम्ही व्हा पुढे’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहज निघतं.

बाहेर पडायचे निदान दोन रस्ते प्रत्यक्ष चालवून बघा, त्यातला एक रात्री. ४९ नंबरने ऑबर्नकडे, २० नंबरने मेरिसव्हिलकडे, १७४ ने कोलफॅक्सकडे. आग कुठून येते त्यावर ठरेल. फोनवरचा नकाशा अशा वेळी भलत्याच कच्च्या रस्त्यावर नेऊ शकतो, म्हणून कागदी नकाशा गाडीत ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा, समजा रोझव्हिलमधलं तुमचं नेहमीचं भारतीय किराणा दुकान. निरोपासाठी काउंटीबाहेरचा एक नातेवाईक नेमा. कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, पण पुण्याहून ‘काय झालं, काय झालं’ सुरू झालं की कामाचा निरोप वर वाहून जातो. चार जणांचा वेगळा छोटा ग्रुप करा.

जनावरं असतील तर त्यांची सोय आधी ठरवा. मोठ्या जनावरांसाठी ग्रास व्हॅलीच्या जत्रेचं मैदान वापरलं जातं आणि काउंटीत पशुवैद्यकीय मदतीचं स्वयंसेवक पथक आहे. मांजर मात्र गडबड सुरू झाली की पलंगाखाली जातं. तिला आधी पिंजऱ्यात घाला.

रेड फ्लॅग आणि दिवाळी

राष्ट्रीय हवामान सेवा ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ देते तेव्हा वारा, कोरडेपणा आणि वाळलेलं गवत तिन्ही जुळून आलेले असतात. त्या दिवशी गवत कापणं, वेल्डिंग, शेगडी, काहीही नाही. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, टाकी भरा, बॅगा गाडीत टाका, मुलांना लवकर झोपवा आणि बूट पलंगाशी ठेवा.

दिवाळी नेमकी याच काळात येते. पणत्या लाकडी डेकवर लावू नका. आत, परातीत पाणी घालून लावा, किंवा सरळ बॅटरीच्या वापरा. आकाशकंदील विजेचा असावा. फटाके विसरा. आकाशात सोडायचे कागदी दिवे तर कॅलिफोर्नियात बेकायदाच आहेत. फराळ, रांगोळी आणि अभ्यंगस्नानावर कसलीही बंदी नाही.

निघायचं कधी

‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ म्हणजे धोका येऊ घातलाय, तयार राहा. ज्यांना वेळ लागतो त्यांनी आत्ताच निघा. ‘ऑर्डर’ म्हणजे जिवाला धोका आहे, ताबडतोब निघा, हा कायदेशीर आदेश आहे. माझं मत सरळ आहे: घरात म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा जनावरं असतील तर तुमच्यासाठी वॉर्निंग हीच ऑर्डर. पॅराडाइसमध्ये स्कायवे या मुख्य रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि कित्येकांना तिथेच आगीने गाठलं. अर्धा तास आधी निघालेल्याला तोच रस्ता मोकळा मिळतो. आणि निरोप आलाच नाही, पण धूर आणि वारा बघून मन सांगतंय, तर परवानगीची वाट बघू नका. दोन सुरांचा, वर-खाली होणारा पोलिसी सायरन ऐकू आला तर तो घर सोडण्यासाठीच असतो.

निघताना दहा मिनिटं हाताशी असली तर: खिडक्या-दारं बंद, पण दारांना कुलूप नको. पातळ पडदे काढा, सोफे खिडकीपासून लांब ओढा, गॅस टाकीपाशी बंद करा, एसी बंद, दिवे चालू ठेवा म्हणजे धुरात घर दिसेल. डेकवरच्या खुर्च्या आत किंवा लांब अंगणात. स्प्रिंकलर चालू ठेवून जाऊ नका, बंबवाल्यांच्या पाण्याचा दाब जातो. अंगावर सुती किंवा लोकरीचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट. आईचा नायलॉनचा गाऊन बदलायला लावा. ठिणगी पडली की तो कातडीला चिकटतो. शक्यतो एकच गाडी काढा.

दहा मिनिटं नसली तर यातलं काहीच करू नका. माणसं, औषधं, किल्ली, फोन.

रस्त्यात अडकलात तर गाडी झाडाझुडपांपासून लांब, मोकळ्या जागेत उभी करा. काचा आणि हवेचे झरोके बंद करून खाली वाका, लोकरीचं पांघरूण घ्या आणि ९११ ला कळवा. गाडीबाहेर पळू नका. घरातच अडकलात तर सगळे एकत्र, बाहेरच्या भिंतींपासून लांब थांबा, सिंक आणि टब भरा, दारं लोटून घ्या पण कुलूप लावू नका.

आग लांब असली तरी धूर येतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो. एसीला ‘मर्व्ह १३’ दर्जाचा फिल्टर लावा, एक खोली बंद करून तिथे हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवा आणि त्या दिवसांत घरात उदबत्ती, धूप, फोडण्या कमी करा. बाबांचा पहाटेचा फेरफटका बंद.

परत आल्यावर

आदेश उठल्याचं शेरिफने जाहीर केल्याशिवाय फाटक ओलांडू नका. आत शिरण्यापूर्वी छप्पर, पन्हळी, डेकखाली आणि माळ्यावर धूर किंवा धग आहे का बघा. निखारे दिवसभराने पेट घेतात. घर वाचलेलं असलं तरी बंद पडलेला फ्रिज नाक धरून रिकामा करा, आणि त्याआधी फोटो काढा, कारण विम्यात तेही येऊ शकतं. राख कोरडी झाडू नका. ओली करा, मास्क आणि हातमोजे घाला. जळालेल्या घरांच्या राखेत काय काय विषारी मिसळलेलं असतं. पॅराडाइसच्या नळाच्या पाण्यात आगीनंतर बेंझीन सापडलं होतं, त्यामुळे नळाचं असो वा विहिरीचं, पाणी तपासून झाल्याशिवाय प्यायला घेऊ नका. हॉटेलची, जेवणाची, पेट्रोलची प्रत्येक पावती जपून ठेवा, आणि क्लेमवाल्याशी फोनवर बोललात की तारीख-वेळ टाकून त्याच दिवशी ईमेलही करा.

वरचा उतार जळालेला असेल तर पहिल्या मोठ्या पावसाआधी पाण्याच्या वाटा मोकळ्या करा. मुळं धरून ठेवायला नसली की माती, राख आणि दगड घराकडे येतात. वाळूच्या पिशव्या हिवाळ्याच्या तोंडाशी काही अग्निशमन केंद्रांवर मिळतात. त्या आपल्या आपणच भरायच्या असतात, फावडं घरून न्या.